शोभेच्या झुडपांवरची कीड : ओळखायची कशी, आवरायची कशी

निंबोळी

जास्वंद, गुलाब, मोगरा, कन्हेर, तगर, एक्झोरा, बोगनवेल अशा झुडपांवरच्या किडींसाठी हा धागा. प्रश्न विचारताना झाडाचं नाव, पानाच्या कोणत्या बाजूला काय दिसतंय आणि आधी काय फवारलंय, एवढं नक्की लिहा.

झुडपावर काही वळवळताना दिसलं की "काय फवारू?" हे लगेच तोंडात येतं. त्याआधी "हे खातंय कसं?" ते बघायला हवं, कारण औषध किडीच्या तोंडावरून ठरतं.

अळ्या, भुंगेरे, नाकतोडे चावून खातात. पानाला भोकं पडतात, कडा कुरतडल्या जातात, कधी नुसत्या शिरा उरतात, आणि खालच्या पानांवर विष्ठेचे गोळे सापडतात. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, पांढरी माशी, तुडतुडे सोंड खुपसून रस ओढतात. पान अख्खंच राहतं, पण वळतं, पिवळं पडतं, शेंडा आखडतो. यातल्या बहुतेक किडी गोड चिकट द्राव टाकतात. त्यावर मुंग्या येतात आणि नंतर काजळी धरते. ही काळी बुरशी पानाला खात नाही, नुसती द्रावावर वाढते. म्हणून काजळीवर बुरशीनाशक मारण्यात अर्थ नाही. वर कोण बसलंय ते शोधायचं.

फुलकिडे पेशी खरवडून रस पितात. त्यांचे चट्टे चंदेरी असतात आणि त्यात काळे ठिपके दिसतात, ती त्यांची विष्ठा. कोळी (म्हणजे झाडावरची टिंबाएवढी कोळीकीड, घरातला कोळी नव्हे) हा तर कीटकच नाही, त्याला आठ पाय असतात. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले आणि मागे बारीक जाळी असली, तर तो कोळी. नेहमीच्या बऱ्याच कीटकनाशकांनी तो मरत नाही.

तपासायला १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक पांढरा कागद पुरतो. शेंड्याखाली कागद धरायचा, फांदीला तीन-चार टिचक्या मारायच्या. कागदावर लांबट, मिलिमीटरभर, पिवळट-तपकिरी काहीतरी पळालं तर फुलकिडे. टिंबाएवढं गोल काही हळूहळू सरकलं तर कोळी. आठवड्यातून एकदा शेंडा, कळीचा देठ, पानाची मागची बाजू, फांद्यांची बेचकी आणि मातीलगतचं खोड, या पाच जागा बघायच्या. पानाची वरची बाजू बघून काही कळत नाही.

शेवंती

जास्वंदीचा प्रश्न. शेंड्याची पानं चुरगळून गुच्छ झालाय, पेरं जवळजवळ आलीत, आत कापसासारखं पांढरं. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी तीनदा झाली, दर १५ दिवसांनी. खालची पानं चकचकीत झाली, शेंडा तसाच आहे.

माळीबुवा

हा पिठ्या ढेकूण. गुच्छ झालाय म्हणजे बहुतेक गुलाबी पिठ्या असणार, त्याची लाळ झाडाला बाधते आणि त्यामुळे शेंडा असा आखडतो. एक ढेकूण काडीने चिरडून बघा, लालसर रस निघेल. तो कापूस काडीनेच अलगद सोडवा आणि भिंगाखाली धरा. आत नारिंगी-गुलाबी अंड्यांचा ढीग दिसेल, एका पिशवीत शेकड्यांनी. तुमच्या फवारणीचा एक थेंबही त्या अंड्यांपर्यंत गेलेला नाही.

फवारणी फसली त्याची तीन कारणं. अंगावरच्या मेणावरून पाणी ओघळून जातं. कीड पानाच्या घड्यांत लपलेली असते. आणि १५ दिवसांचं अंतर फार झालं. आज पिल्लं मेली तरी अंडी राहतात, ती आठवडाभरात फुटतात, आणि पुढच्या फवारणीपर्यंत त्या पिल्लांना पुन्हा मेण चढलेलं असतं.

आता क्रमाने करा. गुच्छ झालेला शेंडा पुन्हा सरळ होत नाही, त्याचा मोह सोडा. कापण्याआधी शेंड्यावर पिशवी चढवा, तोंड आवळा, मग गुच्छाखाली १०-१५ सेंमीवर निरोगी डोळ्याच्या वर कापा. पिशवी न चढवता कापलात तर फांदी ओढताना पिल्लं झाडभर सांडतात. पिशवी बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मग कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. नंतर नळीला नोझल लावून पाण्याचा जोरदार झोत बेचक्यांवर आणि पानांच्या मागे मारा. झाड सुकलं की फवारणी करा, आणि ७ दिवसांच्या अंतराने एकूण तीनदा. कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसून घ्या.

मुंग्यांचं विसरू नका. गोड द्रावासाठी मुंग्या पिठ्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकावतात. खोडाला कागदी पट्टी गुंडाळून वर चिकट गोंद लावा. गोंद थेट सालीवर नको, साल खराब होते. आणि झाडाची एखादी फांदी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असेल तर ती छाटा, नाहीतर मुंग्या तिथून येतील आणि पट्टीचा काही उपयोग होणार नाही.

निंबोळी

माळीबुवांनी फवारणी म्हटलंय, तिचं मिश्रण लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कडुनिंबाचं तेल ५ मिली, द्रव साबण १ ते २ मिली, पाणी १ लिटर. तेल पाण्यात ओतून वरून साबण टाकला तर ते मिसळत नाही. आधी तेल आणि साबण एका वाटीत घोटून एकजीव करा, त्यात थोडं थोडं कोमट पाणी घालत दुधाळ करा, मग उरलेलं पाणी घाला. पाच मिनिटं तसंच ठेवून वरून बघा. सोनेरी थेंब तरंगत असतील तर ते फवारू नका, पुन्हा घोटा. असं फुटलेलं मिश्रण फवारलं की आधी नुसतं पाणी बाहेर येतं आणि शेवटी निव्वळ तेल. शेवटच्या झाडाची पानं करपतात ती त्यामुळे. पंप दर दोन-तीन मिनिटांनी हलवत राहा आणि बनवलेलं त्याच दिवशी संपवा.

फवारणी संध्याकाळी करा. कडुनिंबातला ॲझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो. तापमान ३२ अंशांच्या वर असेल किंवा झाड तहानलेलं असेल तर तेल मारू नका. आधी पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी फवारा. पहिल्यांदा वापरताना एकाच फांदीवर मारून ४८ तास वाट बघा.

तेलाऐवजी ५ टक्के निंबोळी अर्कही चालतो. ५० ग्रॅम सुक्या निंबोळ्यांचा गर कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा, त्यात १ ग्रॅम साबण घाला. गाळणं नीट झालं नाही तर नोझल तुंबतं.

भिंग

साबणाबद्दल थोडं वेगळं मत आहे. तेल फोडायला मिलीभर साबण ठीक, पण नुसतं साबणपाणी म्हणून भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबण कडक करून मारतात, ते चूक आहे. त्यातले घटक तेलकटपणा ओढून काढायलाच बनवलेले असतात, आणि पानावरचा मेणाचा थरही ते ओढून काढतात. कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात. कीटकांसाठीचा साबण वेगळा मिळतो, तो मेदाम्लांचा पोटॅश साबण असतो. लिटरला १० ते २० मिली, आधी लेबल वाचून.

साबण कीटकावर ओला असेपर्यंतच काम करतो. वाळला की संपलं, मागे काही उरत नाही. म्हणजे जिथे थेंब पोचला नाही तिथली कीड जिवंत. पाणी जड असेल तर साबण फाटतो आणि वर साय धरते. बाटलीत आधी थोडं करून बघा, साय आली तर पावसाचं किंवा गाळलेलं मऊ पाणी घ्या.

निंबोळी

हे मान्य. साबणाची निवड मी लिहायला हवी होती. माझ्या मिश्रणातही पोटॅश साबणच घ्या.

गच्चीबाग

कुंडीतल्या लहान झाडावर चार-पाचच पिठ्या असतील तर?

माळीबुवा

मग फवारणीची गरजच नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून एकेकाला टेकवा. मेण विरघळतं, पांढरा ढेकूण गुलाबी किंवा तपकिरी दिसायला लागतो, म्हणजे मेला. चार-पाच दिवसांनी पुन्हा शोधा. अल्कोहोल पानभर फासू नका.

भिंग

पुसायच्या आधी एक गोष्ट नीट बघा. पिठ्यांच्या घोळक्यात एखादा पांढरा, झिपऱ्या सुटलेला, पिठ्याच्या तिप्पट-चौपट मोठा कीटक तुरुतुरु चालताना दिसला तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी आहे, पिठ्या ढेकूण खाणारी. अंगावर तसंच मेण असल्यामुळे ती पिठ्याच वाटते. पिठ्या ३-४ मिमीचा, अंगावर पीठ सारखं पसरलेलं, हलवला तर कसाबसा सरकतो. अळी सेंटिमीटरभर वाढते, मेणाच्या दशा लांब आणि अस्ताव्यस्त असतात, आणि काडी लावली की पळते. तिचा प्रौढ भुंगेरा काळा, डोकं नारिंगी.

मित्रकीटकांची ताकद किती असते ते एका जुन्या उदाहरणावरून कळतं. कॅलिफोर्नियात कापशी खवल्यांनी संत्र्याच्या बागा संपायला आल्या होत्या. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून रोडोलिया नावाचा छोटा लाल-काळा भुंगेरा आणून सोडला आणि काही महिन्यांत ती कीड आटोक्यात आली. पुढे १९४० च्या दशकात तिथे डीडीटी फवारलं गेलं, भुंगेरे मेले, आणि खवले पुन्हा उसळले. सगळ्यांना मारणारं औषध घरच्या बागेतही हेच करतं.

शेवंती

खवल्यांवरही हेच मिश्रण चालेल का? एक्झोराच्या फांदीवर तपकिरी फोड आहेत आणि कन्हेरीच्या पानामागे पांढरट चकत्या. दोन्ही खवलेच आहेत की वेगवेगळं?

माळीबुवा

दोन्ही खवलेच, पण जात वेगळी. नखाची परीक्षा करा. एक्झोरावरचा फोड नखाने उचलला तर कवच आणि कीटक एकत्रच निघेल, आणि खाली चिकटपणा असेल. तो मऊ खवला. कन्हेरीवरच्या चकतीचं झाकण तेवढं निघेल आणि कीटक पानालाच चिकटून राहील, पिवळा मऊ ठिपका. तो कवचधारी खवला. तो गोड द्राव टाकत नाही, म्हणून तिथे मुंग्याही नसतात आणि काजळीही नसते. त्यामुळेच तो उशिरा लक्षात येतो.

दोघांचीही कमजोर वेळ एकच. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईच्या कवचाखालून बाहेर पडून जागा शोधत फिरतं, तेव्हा त्याच्यावर कवच नसतं. ती वेळ पकडायला फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळा आणि दर तीन-चार दिवसांनी भिंगाने बघा. पट्टीवर पिवळे-नारिंगी कण चिकटलेले दिसले की फवारणीचा दिवस आला. बागेसाठीचं खनिज तेल २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली, फांदी चहूबाजूंनी भिजेपर्यंत. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. फवारणीआधी जुन्या टूथब्रशने जाड खवले घासून काढले तर तेल आतपर्यंत पोचतं.

मेलेले खवले गळून पडत नाहीत. महिनाभरानंतरही फांदी तशीच दिसते आणि लोक घाबरून आणखी कडक औषध मारतात. नखाने दाबून बघा. रस निघाला तर जिवंत, कोरडा भुगा झाला तर मेलेला. दहा दाबून दहाही कोरडे निघाले की थांबा.

कातरकाम

कन्हेरीच्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा आहे, पाय काळे. देठ दिसत नाही इतका.

निंबोळी

कन्हेरीचा नेहमीचा मावा, रुईवरही येतो. याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लंच घालतात, त्यामुळे आठवड्यात शेंडा भरतो. पण मारायलाही सोपा. सकाळी शेंडा एका हाताच्या तळव्यावर आधार देऊन धरा आणि पाण्याचा झोत मारा, एक दिवसाआड तीनदा. सोंड देठात अडकलेली असताना मावा उडाला की सोंड मोडते, तो परत चढून खाऊ शकत नाही.

त्याआधी भिंगाने बघा. काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे आणि जागेवर चिकटलेले दिसतील. त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढतेय. पाठीवर गोल भोक असेल तर ती बाहेरही पडलीय. असे बरेच दिसले तर आठवडाभर काहीच करू नका.

कन्हेरीचा चीक आणि सगळे भाग विषारी आहेत. छाटताना हातमोजे घाला आणि छाटलेल्या फांद्या जाळू नका, धूरही घातक असतो.

पानगळ

मोगऱ्याच्या कळ्या न उमलताच जांभळ्या होऊन गळतायत. भोक दिसत नाही. अळीनाशक मारून फरक नाही.

भिंग

मोगऱ्याच्या कळीचे शत्रू दोन आहेत आणि दोघांचा उपाय वेगळा आहे. कळीला गोल भोक असेल, आत विष्ठा असेल, दोन-तीन कळ्या रेशमाने एकत्र बांधलेल्या असतील, तर ती कळी पोखरणारी अळी. भोक नाही, कळीचा तळ सुजलाय, रंग गुलाबी-जांभळा झालाय, तर ती कळीमाशी. एक कळी ब्लेडने उभी चिरून पांढऱ्या बशीत ठेवा. तळाशी पांढऱ्या-पिवळट, बिनपायाच्या, दीड-दोन मिमीच्या अळ्या दिसतील, काही उसळी मारतील. हीच माशी जास्वंदीच्या कळ्याही पाडते.

तुमच्याकडे माशीच दिसतेय. अळी कळीच्या आत बंद असते, म्हणून वरून मारलेलं औषध तिला लागत नाही. पूर्ण वाढली की ती मातीत उतरून कोषात जाते. तिला तोडायचं ते मातीत उतरण्याआधी. रंग बदललेल्या कळ्या झाडावरच असताना रोज तोडा, गळलेल्या त्याच दिवशी वेचा, आणि बंद पिशवीत उन्हात ठेवा. झाडाखालची माती वरची ४-५ सेंमी हलवून उन्हात उघडी पाडा. कुंडीत असेल तर वरचा थर काढून नवा घाला. चक्र साधारण तीन-चार आठवड्यांचं असतं, म्हणून महिनाभर एकही दिवस न चुकवता हे करायला लागतं. आठ दिवस करून सोडलं तर काहीच न केल्यासारखं आहे.

गच्चीबाग

गुलाबाच्या कळ्या अर्धवट उमलतात, पाकळ्यांच्या कडा तपकिरी. आणि काही पानांना कडेला अगदी गुळगुळीत अर्धगोल कापलेलं आहे. ही एकच कीड का?

निंबोळी

नाही. अर्धगोल कापणारी पानकापी मधमाशी आहे. ती पान खात नाही, तुकडे नेऊन घरट्याला अस्तर लावते. परागीभवन करणारी माशी आहे, तिला तसंच राहू द्या. गुलाबाला त्याने काही होत नाही.

कळ्यांवर फुलकिडे आहेत. एक कळी कागदावर आपटा, खात्री होईल. कळी रंग दाखवायला लागण्याआधी उपाय करावा लागतो, कारण नंतर ते पाकळ्यांच्या आत जातात. उतरती फुलं झाडावर ठेवू नका, ती फुलकिड्यांची वसाहत असते. निळे चिकट सापळे शेंड्यांच्या उंचीला लावा. पांढऱ्या माशीला पिवळे, फुलकिड्यांना निळे. सापळ्याने कीड संपत नाही, आली की नाही एवढं कळतं. फारच वाढली तर स्पिनोसॅड हे कीटकनाशक लेबलवरच्या मात्रेने, सूर्यास्तानंतर. ओलं असताना ते मधमाश्यांना मारक आहे, सकाळपर्यंत वाळायला हवं. उमललेल्या फुलांवर मारायचं नाही.

कातरकाम

गुलाबावर इमिडाक्लोप्रिड मारल्यावर मावा गेला, पण आता पानं तांबूस-धुरकट झालीत आणि मागे जाळी आलीय.

भिंग

हा कोळी, आणि त्या औषधानंतर तो वाढणं नेहमीचं आहे. इमिडाक्लोप्रिडने कोळी मरत नाही, कोळ्याला खाणारे कीटक मात्र मरतात. शिवाय ते झाडाच्या रसात भिनतं आणि फुलांच्या मध-परागातही उतरतं. फुलणाऱ्या झुडपाला ते नकोच.

आता पानांच्या मागून पाण्याचा झोत, एक दिवसाआड, दोन आठवडे. कोळ्याला कोरडी, धुळकट हवा मानवते, उष्णतेत त्याची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. जाळी भरलेली खालची पानं काढून टाका. एवढ्याने भागलं नाही तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण ३२ अंशांच्या वर नाही, आणि तेलाच्या फवारणीपासून किमान दोन आठवडे लांब. तेलावर गंधक पडलं तर पानं जळतात.

पानगळ

तगरीची पानं रातोरात गायब आणि खाली मिऱ्याएवढे काळपट गोळे. अळी सापडत नाही.

माळीबुवा

गोळे पडलेत त्याच्या बरोबर वर बघा, फांदीच्या खालच्या बाजूला. बोटाएवढी हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळसर डोळ्यांसारखे ठिपके, शेपटीला शिंग. कन्हेरीच्या रुईपतंगाची... चुकलं, कन्हेरीवरच्या ससाणा-पतंगाची अळी, तगरीवर हमखास येते. चावत नाही. हाताने उचला, बास. बीटी जिवाणूचं औषध लहान अळ्यांवर चालतं, तेही पानासोबत पोटात गेलं तरच. एवढ्या मोठ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग नाही.

शेवंती

जास्वंदीचा शेंडा कापला, पहिली फवारणी झाली. नवी फूट कधी तपासायची? आणि खत लगेच द्यायचं का?

माळीबुवा

डोळे फुगले की लगेच, म्हणजे साधारण दहाव्या दिवसापासून, दर तीन दिवसांनी. बोटाच्या पेराएवढ्या फुटीच्या बेचक्यात एक जरी पांढरा कण दिसला तरी अल्कोहोलच्या काडीने टिपून टाका. खत सध्या नको. युरियासारखं नत्र दिलंत तर लुसलुशीत, रसाळ फूट येते आणि रस शोषणाऱ्या किडीला तीच हवी असते. तिसरी फवारणी होऊन दोन आठवडे स्वच्छ गेले की कंपोस्ट द्या.

कुंडीत असेल तर एकदा गोळा अलगद बाहेर काढून मुळं बघा. कुंडीच्या भिंतीला लागून पांढरी पिठूळ बुरशी वाटावी असं काही दिसलं तर तो मुळांवरचा पिठ्या असू शकतो. तसं असेल तर इथे लिहा, त्याला वरून फवारून काही होत नाही, माती बदलावी लागते.